दंतकथा, आख्यायिका की भाकडकथा? लीलावतीच्या गोष्टीला काय म्हणावं

(बोलणाऱ्या तिघांना त्यांच्या गावांची नावं दिली आहेत.)

धुळे : चाळीसगावजवळच्या पाटणादेवी या ठिकाणाची माहिती तीन जणांनी लिहून दिली आहे. गणिती भास्कराचार्यांची मुलगी लीलावती, लग्नघटिका मोजणाऱ्या पात्रात तिचा मोती पडला, मुहूर्त टळला, ही गोष्ट एकाने 'दंतकथा' म्हटली, दुसऱ्याने 'भाकडकथा', तिसऱ्याने 'कपोकल्पित'. कोणता शब्द ठेवू?

चाळीसगाव : ताई, आधी शुद्धलेखन. कपोकल्पित नव्हे, कपोलकल्पित. कपोल म्हणजे गाल. कुणीतरी मनानेच रचलं, असा आरोप या शब्दात आहे, त्यामुळे पुरावा हाताशी असेल तरच वापरावा.

भाकड हा गोठ्यातला शब्द. दूध आटलेलं जनावर भाकड, तशी ऐकून हाती काही न लागणारी ती भाकडकथा. हा शब्द खरंखोटं ठरवत नाही, गोष्ट निरुपयोगी आहे एवढंच म्हणतो. लीलावतीची गोष्ट निरुपयोगी नाही, तिच्यात घटिकापात्र जसंच्या तसं आलं आहे. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती घटकेभरात, म्हणजे २४ मिनिटांत, भरून बुडते. छिद्रावर मोती बसला की पाणी आत येत नाही, वाटी तरंगतच राहते आणि वेळ निघून गेल्याचं कुणाला कळत नाही.

दंतकथा चालेल. मी आख्यायिका लिहीन, कारण ही नुसती तोंडोतोंडी आलेली गोष्ट नाही. भास्कराचार्यांचा 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ ११५० चा आणि ही गोष्ट सापडते अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या त्याच्या फारसी भाषांतरात. मध्ये चारशेहून जास्त वर्षं गेली.

एरंडोल : आख्यायिकेला माझी हरकत आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'आख्यायिकोपलब्धार्था' म्हटलंय, म्हणजे जिचा विषय खरोखर घडलेला ती आख्यायिका, आणि कल्पनेने रचलेली ती कथा. म्हणून बाणभट्टाचं 'हर्षचरित' आख्यायिका आणि त्याचीच 'कादंबरी' कथा.

चाळीसगाव : संस्कृतात बरोबर, भाऊ. मराठीत अर्थ फिरला. आज आख्यायिका म्हटलं की 'असं सांगतात, पुरावा नाही' हेच वाचणारा समजतो. माहिती आजच्या वाचकासाठी आहे, तेव्हा आजचाच अर्थ धरावा.

एरंडोल : मान्य. मग 'मुलगी' हा शब्दही सांभाळून लिहा. ग्रंथात 'अये बाले लीलावति' अशी हाक आहे, पण भुंग्यांच्या गणितात 'ब्रूहि कान्ते' आहे. कान्ता म्हणजे प्रिया, तसं मुलीला म्हणत नाहीत. पाटणादेवीजवळच्या पाटण गावातल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यांची नावं आहेत, लीलावतीचं नाही. तेवढ्यावरून 'मुलगी नव्हतीच' असंही लिहू नका, शिलालेखाने पुरुषांची वंशावळ दिली आहे. आणि शिलालेखातले, मठ काढणारे हे चांगदेव वेगळे, तापी-पूर्णा संगमावर ज्यांचं देऊळ आहे ते योगी चांगदेव वेगळे. ही गल्लत फार होते.

धुळे : यावर 'हा वितंडवाद आहे' असा शेरा आलाच तर?

चाळीसगाव : न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या शास्त्रात, वितंडा म्हणजे स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचं नुसतं खोडणं. इथे पक्ष मांडलाय, पुरावा दिलाय, त्यामुळे ही वितंडा नाही, वाद आहे. सरळ लिहा : "लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती, अशी आख्यायिका आहे, ती सोळाव्या शतकातल्या फारसी भाषांतरात आढळते."