मदत हवी आहे: एमजीबीचं क्लच पेडल खालीच राहतं, इंजिन उतरवण्याआधी काय तपासू?

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहितोय. गाडी १९७० ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर. मामांची गाडी, आता माझ्याकडे आहे आणि ती रस्त्यावर धावती राहावी ही मनापासून इच्छा आहे.

क्लच पेडल दाबलं की तळाला जातं आणि तिथेच बसतं. बुटाचं टोक खाली घालून ओढलं तर वर येतं. पण खरी काळजी पुढेच आहे. पेडल वर आल्यावरही क्लच लागत नाही. पहिला गिअर टाकलेला, पाय काढलेला, इंजिन सुरू आणि गाडी जागच्या जागी. थोड्या वेळाने क्लच अचानक पकडतो आणि गाडी झटक्यात पुढे जाते. परवा सूरसागर तलावाच्या वळणावर हेच झालं, पुढे स्कूटरवर एक बाई लहान मुलाला घेऊन होत्या. ब्रेकवर पाय होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून गाडी घरीच आहे.

इथल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. मिस्त्रींचं म्हणणं: २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी सोसायटीत शिरलं, ते बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या आवरणात) गेलं असणार, क्लचची प्लेट गंजली, बेअरिंग गेलं, इंजिन उतरवा. ज्यांना एमजीबी माहीत आहे त्यांना कळेल की हे साधं काम नाही. या गाडीत गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही, क्लचपर्यंत पोचायला इंजिन काढावंच लागतं.

मला हे निदान पटत नाही. गंजलेली प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चकतीला) चिकटली तर क्लच सुटणार नाही, गिअर टाकताना करकर आवाज येईल. माझ्याकडे नेमकं उलट आहे: गिअर लोण्यासारखे पडतात, क्लच सुटलेलाच राहतो.

आतापर्यंत पाहिलेलं: क्लचच्या टाकीतली (ब्रेक) ऑइलची पातळी कमी होत नाही, पण ऑइल काळपट झालंय. पेडलची रिटर्न स्प्रिंग जागेवर आहे. स्लेव्ह सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा खालचा सिलिंडर) रबरी बूट कोरडं आहे. मामांच्या वहीत प्रत्येक सर्व्हिसची नोंद आहे, मास्टरचं (पेडलजवळच्या, ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरचं) रबर-किट बदलल्याचीही, पण स्लेव्हकडे जाणाऱ्या होजचा (रबरी नळीचा) उल्लेख कुठेच नाही.

इंजिनला हात न लावता दोष कुठे आहे हे ठरवता येईल का? कोणत्या क्रमाने तपासू?

प्रतिसाद १

इंजिन अजिबात उतरवू नका, तुमची शंका रास्त आहे. मला यात दोन वेगवेगळे दोष दिसतात. पेडल वर न येणं हा एक आणि क्लच उशिरा लागणं हा दुसरा. एकाच औषधाने दोन्ही बरे होतील असं धरून चालू नका.

आधी पेडल बघा. मास्टरच्या पुशरॉडची (पिस्टन ढकलणाऱ्या दांडीची) क्लेव्हिस पिन, म्हणजे पेडलला जोडणारी खिळ, काढा आणि पेडल हाताने हलवा. जड गेलं तर बुश (पेडल ज्यावर फिरतं ती नळकांडी) सुकलंय किंवा गंजलंय. क्लच आणि ब्रेक दोन्ही पेडल एकाच बोल्टवर फिरतात, तेव्हा ब्रेकचंही बघून घ्या. पेडल मोकळं असेल आणि पुशरॉड मात्र दाबल्यावर परत येत नसेल, तर मास्टरचा पिस्टन अडकतोय.

आता दुसरा दोष. चाकांना ओट (दगड) लावा, गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद. एकाला पेडल दाबून वर ओढायला सांगा आणि तुम्ही खालून स्लेव्हचा पुशरॉड बघा. तो साधारण अर्धा इंच बाहेर येतो. पेडल वर आल्यावरही बाहेरच राहिला, तर लगेच होजच्या वरच्या टोकाचं, म्हणजे लोखंडी पाइपकडचं युनियन (जोडाचा नट) किंचित सैल करा. पुशरॉड आत गेला तर दाब वरून अडकलाय, मास्टर उघडा. नाही गेला तर स्लेव्हचं निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडा. ऑइलची चिळकांडी उडून पुशरॉड झटकन आत गेला, तर होज आतून फुगून बंद झालीय. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, परतीला मात्र वाट मिळत नाही. निपल उघडूनही पुशरॉड हलला नाही, तरच आतल्या, क्लच दाबणाऱ्या फोर्क-बेअरिंगकडे बोट दाखवा.

प्रतिसाद २

वरच्या दादांशी सहमत. एक भर: निपल इंची आहे, मिलिमीटरचा पाना लावून चेपवू नका. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलतं. आणि या सिस्टीममध्ये कधी मिनरल ऑइल पडलं असेल तर मास्टर आणि स्लेव्हमधलं सगळं रबर फुगलेलं असणार, मग एकटी होज बदलून भागणार नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज सांगितल्याप्रमाणे केलं. क्लेव्हिस पिन काढल्यावर पेडल जड होतं. बुश इतकं कोरडं की बोल्टवर तांबूस भुकटी. ब्रेकचं पेडल ठीक आहे. मास्टरचा पुशरॉड छान परत येतो.

खाली मात्र तुम्ही म्हणालात तेच. युनियन सैल केल्यावर दोन थेंब आले, पुशरॉड बाहेरच. निपल पाव आटा फिरवलं आणि काळं ऑइल उडालं, पुशरॉड खट्‌कन आत. गॅरेजच्या मिस्त्रींना बोलावून दाखवलं, तेही लगेच म्हणाले की आता इंजिन नको. पेडलच्या बुशचं माप घेतलंय, मकरपुरा जीआयडीसीत लेथवर करून घेईन. होज बदलताना काय सांभाळू? आणि एअर (ऑइलमध्ये अडकलेली हवा) काढायला त्रास होतो असं ऐकलंय.

प्रतिसाद १

आधी वरचं टोक सोडवा, म्हणजे होज मोकळी होऊन स्लेव्हमधून फिरवून काढता येईल. वरचं सोडवताना होजचा षटकोन एका पान्याने धरा, नाहीतर लोखंडी पाइप पिळला जाईल. स्लेव्हकडची तांब्याची वॉशर नवीच घाला. स्लेव्ह हाताशी आहेच, तर त्याचंही किट बदलून टाका.

एअर वरून पंप करून नीट निघत नाही, पाइप मध्येच उंच जातो. खालून ऑइल चढवा. उजव्या पुढच्या चाकाच्या ब्रेक कॅलिपरच्या निपलपासून स्लेव्हच्या निपलपर्यंत पारदर्शक नळी लावा, पण आधी कॅलिपरमधून स्वच्छ ऑइल येईपर्यंत काढा आणि नळी भरून घ्या. मग दोन्ही निपल उघडून ब्रेक पेडल हळू दाबा, पेडल सोडण्याआधी कॅलिपरचं निपल बंद करा. ब्रेकच्या टाकीवर लक्ष ठेवा, ती रिकामी झाली तर ब्रेकमध्ये एअर जाईल. क्लचची टाकी मात्र आधी थोडी उपसून ठेवा, ती वरून वाहील.

शेवटी इंजिन बंद ठेवून स्लेव्हचा पुशरॉड पुन्हा बघा. पेडल सोडताच आत जायला हवा, हळूहळू नव्हे. तो तसा जाईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.