सोनं आतच, पण पाया चांदीचा

बायबलमधल्या निवासमंडपात, म्हणजे इस्राएली लोकांच्या रानातल्या फिरत्या तंबू-मंदिरात, खरी पवित्र जागा म्हणजे कोशाची (दहा आज्ञांच्या पाट्यांच्या पेटीची) खोली, म्हणजे परमपवित्रस्थानच, बाकी नुसती आडोशाची कनात, असं एक मत आहे. पटत नाही. पावित्र्य तिथे पायरीपायरीने चढत जातं आणि ते धातूंवरून सरळ दिसतं. अंगणात वेदी आणि गंगाळ पितळेचं, आत समई, मेज, धूपवेदी सगळं सोन्याचं. मंडपाच्या पूर्वेकडच्या दाराचे पाच खांब पितळी उथळ्यांवर (खालच्या बैठकांवर), तर परमपवित्रस्थानापुढच्या अंतरपटाचे चार खांब चांदीच्या उथळ्यांवर. पडद्यांतही फरक आहे: करूब (पंखवाले स्वर्गीय प्राणी) विणलेत ते अंतरपटावर, दाराच्या पडद्यावर करूबांचा उल्लेखच नाही.

पण माझा खरा मुद्दा त्या चांदीचा आहे. बायबलच्या निर्गम पुस्तकाच्या 38व्या अध्यायात चक्क हिशेब दिलाय. वीस वर्षं व त्यावरच्या प्रत्येक पुरुषाकडून अर्धा शेकेल (शेकेल हे एक लहान वजन), आणि 30व्या अध्यायातल्या नियमाप्रमाणे श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही. त्यातून 100 किक्कार (हे मोठं वजन) आणि वर थोडी चांदी जमली आणि त्या 100 किक्कारांच्या 100 उथळ्या ओतल्या: 96 मंडपाच्या भिंतींच्या फळ्यांखाली, फळीला दोन, 4 अंतरपटाच्या खांबांखाली. उरलेल्या 1775 शेकेलांचे खांबांचे हुक वगैरे केले. म्हणजे सोन्याने मढवलेल्या 48 फळ्या उभ्या होत्या त्या सगळ्यांच्या सारख्या वर्गणीवर. सोनं ऐच्छिक दानातलं, ज्याची जशी ऐपत. एक किक्कार सुमारे 34 किलोचा धरला, तर या उथळ्याच तीन टनांच्या वर जातात. फळ्या आणि उथळ्या वाहून नेणाऱ्या मरारीच्या वंशजांना (लेवी वंशातल्या एका कुळाला) चार गाड्या आणि आठ बैल का दिले, ते मग वेगळं सांगायला नको.