12345678987654321 चे मूळ अवयव हाताने कसे काढायचे?

ऐरोलीकर
ऐरोलीत आठवी-नववीच्या मुलांसाठी ही संख्या फळ्यावर घ्यायची आहे. ती 111111111 चा वर्ग आहे, इथपर्यंत ठीक. मूळ अवयव हाताने निघतील का? आणि एक्सेलमध्ये शेवटी 21 ऐवजी 00 का येतं?

कोपरी पूर्व
एक्सेल 15 अंकच धरतं, पुढे शून्यं भरतं. तुमची संख्या 17 अंकी. सेल 'टेक्स्ट' केली तर सगळे अंक दिसतात, पण गणित करायला गेलात की पुन्हा तेच. पायथनमध्ये पूर्णांकांना ही अडचण नाही. मात्र भागताना // वापरा. नुसत्या / ने उत्तर दशांशात जातं आणि शेवटचे अंक बिघडतात.

घणसोली
वर्गाच्या मागे लागू नका, 111111111 फोडा. तीन-तीनचे गट पाडले की 111 × 1001001. त्यात 111 = 3 × 37. 1001001 च्या अंकांची बेरीज 3, म्हणून 3 × 333667. म्हणजे तुमची संख्या 3⁴ × 37² × 333667², विभाजक 5 × 3 × 3 = 45.

अंकांची बेरीज 81 येते म्हणून 81 ने भाग जातो, असं मुलं हमखास म्हणतील. तसा नियम नाही. 1899999999 ची बेरीजही 81 आहे, पण 81 ने भागल्यावर बाकी 9 उरते.

ऐरोलीकर
333667 मूळ आहे हे कसं दाखवू? 577 पर्यंतच्या 106 मूळ संख्यांनी भागत बसायचं?

घणसोली
नाही हो, 16 पुरतात. 333667 चा मूळ विभाजक p असेल तर तो 999999999 लाही भागतो. म्हणून 1/p च्या आवर्ती दशांशात 1, 3 किंवा 9 अंकांचाच गट फिरतो. एक अंकाचा फक्त 3, तीन अंकांचा फक्त 37, आणि दोघांनी भागलं तरी बाकी 1 उरते. राहिला 9 अंकांचा गट. गटाची लांबी p−1 ला भागते, शिवाय p विषम, म्हणून p−1 ला 18 ने भाग जायलाच हवा. तपासा: 19, 73, 109, 127, 163, 181, 199, 271, 307, 379, 397, 433, 487, 523, 541, 577. एकानेही भाग जात नाही.

डोंबिवली लोकल
दहा एकांचा वर्गही करून घ्या: 1234567900987654321. मधल्या स्तंभाची बेरीज 10 होते, हातचा डावीकडे सरकतो आणि तिथला 8 नाहीसा होतो. नऊ एकांपर्यंत हातचाच येत नाही, म्हणून तो सुंदर जिना टिकतो. गणिती द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना डेम्लो हे नाव दिलं ते आपल्या डोंबिवली स्टेशनवरून, त्याचं तेव्हाचं नाव डेम्लो. मुलांना हे नक्की सांगा. कापरेकरांचं माध्यमिक शिक्षणही ठाण्यातलंच.