तंबू, धरण आणि डास: तुमच्यावर काय बेतलं?

मागच्या मेमध्ये पवनेच्या काठी एक रात्र काढली. चार माणसं, दोन तंबू आणि ओडोमॉसची एक ट्यूब, जी घरी फ्रिजवरच राहिली. सातला सूर्य टेकला आणि साडेसातला आम्ही सगळे झिप लावून आत. भरीत-भाकरी बाहेर तशीच. लेक रात्रभर कानावर उशी दाबून झोपली होती, म्हणजे झोपली नव्हतीच. पुढच्या महिन्यात वरसगावच्या बाजूला जायचं घाटतंय. ‘उन्हाळ्यात कुठले आलेत डास’ म्हणणाऱ्यांनी कृपया पुढचा धागा पाहावा. बाकीच्यांनी स्वतःवर बेतलेलं लिहा, बाटलीवरचं लेबल वाचून दाखवू नका.

सिंहगड रोडवरून
ट्यूब विसरलात ती दुय्यम चूक. तंबू पाण्याला चिकटून लावला होता ना? मेमध्ये धरणाचं पाणी मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या चिखलात गुरांच्या खुरांचे खळगे राहतात. प्रत्येकात बोटभर पाणी. या उकाड्यात अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुष्कळ झाले. पानशेतला दोनदा फोडून निघाल्यावर तिसऱ्या खेपेला आम्ही काठापासून दोन-अडीचशे पावलं वर, वारा लागेल अशा टेपाडावर गेलो. डास उडायला दुबळा, वाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही. दारं वाऱ्याच्या तोंडाला ठेवली. स्वयंपाक सहाला उरकला, दिवेलागणीला सगळ्यांच्या अंगात पूर्ण बाह्या आणि पायात मोजे. फोटो मात्र काठावरच्यांचेच छान येतात, ते मान्य.

दोन पोरांची आई, कोथरूड
डासांचं सगळेच बोलतात. आम्हाला मुळशीकडे भर दुपारी एका डोहावर गोमाशांनी गाठलं. पलीकडे म्हशी डुंबत होत्या, तेव्हाच कळायला हवं होतं. डास सुई टोचतो, ही बया कातडी कापते. पोटरीवरून रक्ताचा ओघळ आला तेव्हा कळलं. मला अकरा चावे, नवऱ्याला एक. मी काळी लेगिंग घातली होती, त्याचा पांढरा लेंगा होता. गडद, हलणारं काही दिसलं की त्या तिकडे वळतात. क्रीम चोपडून काही फरक पडला नाही. गुराखी काका म्हणाले, “ताई, म्हशींपासून लांब बसा की जरा.” बसलो, आणि तेवढ्यानेच सुटलो. खाजेला ओलं फडकं आणि कॅलामाईन. नखं आधीच कापून जा.

केशवनगर
2024 च्या फेब्रुवारीत आमच्या इथे नदीवर उठलेल्या त्या डासांच्या वावटळी तुम्ही व्हिडिओत पाहिल्या असतील. आम्हाला कॅम्पिंगला जावं लागत नाही.

सातारा रोडवरून
आजी गोठ्यात संध्याकाळी शेणीवर कडुलिंब आणि निरगुडीचा ओला पाला टाकायची. तोच धूर मी मोकळ्यावर करतो, घमेल्यात, शेजारी पाण्याची कळशी ठेवून. मेमधलं गवत म्हणजे बारूद, एक ठिणगी आणि वणवा. गडावर किंवा कड्याखाली हा उद्योग अजिबात नको, वर आग्यामोहोळ असलं तर डास परवडले म्हणाल. दुसरं, कॉइल तंबूत लावू नका. आमच्या एका मित्राने झिप बंद करून लावली. सकाळी डोकं जड, डोळे लाल आणि नायलॉनला रुपयाएवढं भोक. पुढच्या रात्री डास त्या भोकातूनच आले.

औंध
भंडारदऱ्याला मेअखेर काजवे पाहायला गेले होते. पर्समधून स्प्रे काढला तशी वाटाड्या दादाने हात धरला. “ताई, तो फवारा डासाला लागतो तसा काजव्यालाही लागतो.” लाज वाटली. मोजे वर ओढले, ओढणी कानावरून घेतली. दहा-बारा चावे खाल्ले. हिरड्याचं अख्खं झाड एका लयीत उघडमीट करत होतं. परत खाईन.

हडपसर
परतल्यावर सहाव्या दिवशी मुलाला ताप, डोळ्यांमागे दुखणं. तपासणीत डेंगी निघाला. तो डास दिवसा चावतो आणि आम्ही सगळा बंदोबस्त रात्रीचा केलेला. कॅम्पवर चावला की घरच्या कुंडीखालच्या ताटलीत निपजलेला, देव जाणे. डॉक्टर म्हणाले, असा ताप असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयब्रुफेन मनाने घेऊ नका, पॅरासिटामॉल घ्या आणि रक्त तपासा. सकाळीही क्रीम लावा. सनस्क्रीन आधी, हे त्यावर.

धागाकर्ता
टेपाड शोधतो. काळी ट्रॅकपँट घरी, ट्यूब आत्ताच सॅकमध्ये टाकली. केशवनगरकर, एक जागा शिल्लक आहे. सरावाचा माणूस बरोबर असलेला बरा.