मदत हवी आहे: उजनीत बुडालेल्या पळसदेवच्या गावठाणाचा नकाशा कुठे मिळेल?

मंडळी, उजनी धरणाच्या पाण्यात गेलेल्या जुन्या पळसदेवचं (ता. इंदापूर) छोटं प्रदर्शन करतोय. भीमेचं पाणी उतरलं की देवळाचं शिखर उघडं पडतं, त्यामुळे गावाची जागा पक्की आहे. अडलंय ते गल्ल्यांवर.

गावकऱ्यांकडून फोटो, लग्नपत्रिका, पायली-अधोलीची मापं मिळाली आहेत. मला प्रत्येक वस्तू तिच्या घराच्या जागी नकाशावर दाखवायची आहे. एका फोटोत ओट्यावर जातं, मागे माळवद आणि कोपऱ्यात शिखर दिसतं. त्यावरून घर कुठल्या अंगाला होतं ते कळतं, गल्ली नाही.

सर्व्हे ऑफ इंडियाची एक इंचाला एक मैल प्रमाणाची जुनी शीट पाहिली. तिच्यात अख्खं गाव नखाएवढं! ऑनलाइन नकाशांत घरांची मांडणी सापडली नाही. कचेरीत ‘बुडीत गावाचं इथे काही नाही’ एवढंच ऐकायला मिळालं. पुणे पुराभिलेखागाराचं नाव बरेच जण सुचवतील, पण तिथला मोठा साठा पेशवे दफ्तराचा. मला धरण होण्याआधीचं, १९६०-७० च्या सुमाराचं हवंय. क्यूजीआयएसवर (नकाशांच्या संगणक-प्रणालीवर) जुना नकाशा आजच्या जागेवर बसवणं जमतं, स्कॅन मिळालं तरी पुरे. मालकांची नावं प्रदर्शनात येणार नाहीत.

मोबदल्यासाठी घरांची मोजणी झालीच असणार. ते कागद आज भूसंपादनाकडे, पुनर्वसन शाखेकडे की जलसंपदाकडे असतात? आणि माहिती अधिकारात अर्ज करताना दस्तऐवजाचं नेमकं नाव काय लिहायचं?