बालसंगोपनचे पैसे आणि विशीतलं मन : संबंध तपासायचा कसा?

गोदाकाठ_समुपदेशन
नाशिकच्या सातपूर-अंबड वस्त्यांमध्ये एकल आयांच्या घरांशी आमचं काम आहे. बऱ्याच घरांत क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये येतात. लाभ घेऊन अठरा पूर्ण केलेल्या मुलांची मानसिक तब्येत इतरांपेक्षा बरी राहते का, हे तपासायचं आहे. पीएचक्यू-९ (उदासीनता मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घेऊन दोन गटांची सरासरी लावली तर चालेल का? आणि लहानपणीच्या पैशाचा परिणाम विशीत दिसतो, याला बाहेर भक्कम आधार आहे का?

आकडेमोड
सरळ सरासरी लावू नका ताई. ही योजना मिळते ती बाप गेलेल्या, आई आजारी असलेल्या, पालक तुरुंगात असलेल्या मुलांना. त्यांचे गुण वस्तीतल्या इतर मुलांपेक्षा वाईटच निघतील, आणि पैशामुळे पोरं खचली असं कागदावर दिसेल.

अर्ज अडकलेल्यांशी तुलनाही फसवी ठरते. ज्या घराला कागद जमवता आले नाहीत ते घर बहुधा आधीच जास्त मोडलेलं असतं. त्यापेक्षा एकाच घरातली दोन भावंडं घ्या : थोरल्याला दोन वर्षं लाभ, धाकटीला आठ. फक्त बाप गेला तेव्हा कोणाचं वय किती होतं हेही टिपा. लाभाच्या वर्षांबरोबर तेही बदलतं.

आधार आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९९३ पासून १,४२० मुलांचा अभ्यास चालू होता. मध्येच चेरोकी जमातीने कॅसिनोचा नफा जमातीतल्या प्रत्येकाला वाटायला सुरुवात केली, गरीब-श्रीमंत न बघता. त्यामुळे 'गरजू म्हणून पैसा' हा घोळच राहिला नाही. २००३ मध्ये छापलेला निष्कर्ष : गरिबीतून वर आलेल्या घरांत मुलांचं भांडखोरपण आणि उद्धट वागणं कमी झालं, चिंता-उदासी मात्र फारशी हलली नाही. आईबापांना मुलांवर लक्ष ठेवायला सवड मिळाली, हे त्यामागचं मोठं कारण. २०१० च्या पाठपुराव्यात, पैसे सुरू होताना सगळ्यांत लहान असलेल्या गटात तरुणपणी मानसिक विकार कमी आढळले, विशेषतः दारू आणि गांजाचे. म्हणून नुसत्या पीएचक्यू-९ वर थांबू नका. व्यसन आणि वागणुकीचे प्रश्न घातले नाहीत, तर जिथे फरक पडतो तेच निसटेल.

दिंडोरी_बालहक्क
एक गोष्ट आधी तपासा : आज विशीत असलेल्या मुलाला २,२५० मिळालेच नव्हते. २०२३ आधी रक्कम १,१०० होती, त्याआधी ४२५. तेव्हा 'लाभ होता/नव्हता' असा रकाना न ठेवता पासबुक घ्या आणि प्रत्येक जमेची तारीख व रक्कम उतरवा. सहा महिन्यांचे एकदम आले तर ते थकलेल्या भाड्यात आणि किराणावाल्याच्या उधारीत जातात. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी आले तरच आई कामाची एक पाळी सोडून संध्याकाळी घरी थांबण्याचा विचार करू शकते.

पैसे आलेच नाहीत असं घर सांगतं तेव्हा आधारची बँक-जोडणी बघा. थेट हस्तांतरणाची रक्कम शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं तिथे जाते. कुठल्याशा शिबिरात मुलाचं पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडलेलं असतं, रक्कम तिथे साचते आणि आई राष्ट्रीयीकृत बँकेत हेलपाटे घालत राहते. दुसरी अडचण म्हणजे पंधराव्या वर्षी आधारसाठी बोटांचे ठसे नव्याने देणं राहून जातं. तिसरी, बोनाफाइडवर आणि आधारवर नावात एका अक्षराचा फरक.

मनआरोग्य_नाशिक
पीएचक्यू-९ फक्त मागच्या दोन आठवड्यांचं विचारतं. गुण ० ते २७, दहा किंवा वर म्हणजे पुढे तपासणी हवी. परीक्षेच्या किंवा द्राक्षांच्या हंगामात भरून घेतलं तर तो ताणच मोजला जाईल, म्हणून सगळ्यांचं एकाच पंधरवड्यात घ्या.

नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी मुलाशी एकांतात बोलायला हवं. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात कोणाकडे पाठवायचं हे आधी ठरवून ठेवा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकाच्या हातात द्या. ही सोय नसेल तर प्रश्नावली वाटूच नका.

गोदाकाठ_समुपदेशन
भावंडांची तुलना पटली. व्यसनाचे प्रश्न आईसमोर विचारले तर खरं सांगणार नाहीत, ते वेगळे घेऊ. पालकांना काही सांगावं का?

आकडेमोड
हो, आणि जपून सांगा. आफ्रिकेतल्या मलावीत शाळकरी मुलींच्या घरांना पैसे दिले तेव्हा त्यांचा मानसिक ताण कमी झाला. पण जिथे रक्कम मुलीच्या हजेरीवर अवलंबून होती आणि आईबापांचा वाटा मोठा होता, तिथे तो फायदा घटत गेला. 'तू शाळेत गेली नाहीस तर घराचे पैसे बंद होतील' हे ओझं पोरीच्या डोक्यावर बसतं. असलं वाक्य घरात बोलायचं नाही, एवढं आईला नक्की सांगा. तिथे योजना थांबल्यावर ताणातला फरकही पुसला गेला होता. म्हणून तुमची मोजणी अठरा पूर्ण व्हायच्या तीन महिने आधी एकदा आणि पैसे बंद झाल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा करा.