फॅट-फ्री ड्रेसिंग: तेल काढलं, त्या जागी काय घातलं?

खमंग_काकडी (एडिसन, न्यू जर्सी)

आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली आहे. निघण्याआधीच्या तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, त्यामुळे तेल-तूप कमी करायचं असं ठरवूनच ती विमानात बसली. इथली लेट्यूसची पानं तिला आवडली, पण नुसती कोरडी किती खाणार? मी फारसा विचार न करता रँच ड्रेसिंगची (सॅलडवर घालायचं पांढरं, दाट ड्रेसिंग) फॅट-फ्री बाटली आणली. मुलाची साधी रँच घरात होतीच. परवा आईने चष्मा लावून दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "अगं, ह्यात तेल नाही ना? मग हे एवढं दाट कशाने झालंय?"

मग आम्ही दोघींनी लेबलं वाचली. जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, म्हणजे जे आधी लिहिलंय ते जास्त. साध्या बाटलीवर पहिलं सोयाबीन तेल, मग पाणी, अंड्याचा बलक, साखर, मीठ, ताकाचा अंश, लसूण-कांद्याची पूड. फॅट-फ्री बाटलीवर पहिलं पाणी, लगेच कॉर्न सिरप (मक्यापासून केलेला गोड पाक) आणि माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड), मग मॉडिफाइड स्टार्च, मीठ, झँथन गम (दाटपणा आणणारा डिंकासारखा पदार्थ), आणि पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड. म्हणजे तेलाच्या जागी साखरेचं पाणी, आणि ते वाहून जाऊ नये म्हणून पिठूळ खळ.

दोन टेबलस्पूनमध्ये साध्या रँचच्या साधारण १३० कॅलरी आणि १३-१४ ग्रॅम फॅट असतं, कर्बोदकं जेमतेम २ ग्रॅम. फॅट-फ्रीच्या कॅलरी ३० ते ४५, फॅट शून्य, कर्बोदकं मात्र ७ ते १० ग्रॅम. मीठ दोन्हीकडे भरपूर.

माझं मत स्पष्ट लिहिते. आईच्या कोलेस्टेरॉलसाठी ही फॅट-फ्री बाटली काही कामाची नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं ते मुख्यतः तूप-लोण्यात असते तशा संपृक्त चरबीने, आणि सोयाबीन तेलात ती १५ टक्क्यांच्या आसपास असते, बाकी सगळं असंपृक्त. तूप-लोणी कमी करून त्या जागी असं तेल आलं तर एलडीएल उतरतं. तेल काढून त्या जागी साखर आणि स्टार्च आला तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) वाढायची भीती असते. आणि गाजर, पालक, टोमॅटोतलं कॅरोटीन (भाज्यांना रंग देणारं पोषक द्रव्य) अंगी लागायला थोडं तेल लागतंच. आयोवा स्टेट विद्यापीठात २००४ मध्ये हे तपासलं होतं. एकच सॅलड, तीन ड्रेसिंग, त्यात कनोला तेल ०, ६ आणि २८ ग्रॅम. बिनतेलाच्या सॅलडमधलं कॅरोटीन रक्तात जवळजवळ उतरलंच नाही. आपण ज्यासाठी पाला खातो तेच वाया जाणार असेल तर त्या बाटलीचा उपयोग काय?

घाटमाथा (ऑस्टिन, टेक्सास)

ताई, तुमच्या आईपुरतं बोलणं पटतं. पण "उपयोग काय" ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरात आहे.

बायकोच्या पित्ताशयात खडे आहेत. ऑपरेशनची तारीख मिळालीय, पण अजून सात आठवडे आहेत. आतड्यात तेल-तूप पोचलं की एक संप्रेरक सुटतं, त्याने पित्ताशय आवळतं, आणि आत खडा अडकला तर जी कळ येते ती मी दोनदा बघितली आहे. दुसऱ्या वेळी मध्यरात्री दवाखान्यात न्यावं लागलं. आदल्या संध्याकाळी तिने फक्त सॅलड खाल्लं होतं, त्यावर साधं सीझर ड्रेसिंग. "सॅलड तर आहे, त्यात काय होतंय," असं आम्हाला दोघांनाही वाटलं होतं. दोन चमचे म्हणून लेबलावर लिहितात, पण दोन चमच्यांवर थांबतो कोण? वाडग्यात पाव कप पडतं, म्हणजे २५ ग्रॅमच्या वर चरबी एका घासफुसीवर.

तेव्हापासून आमच्याकडे फॅट-फ्रीच येतं. त्यात कॉर्न सिरप आहे, मला माहीत आहे. ह्या सात आठवड्यांत मला कॉर्न सिरपची भीती वाटत नाही.

आणि आणखी एक. झँथन गम साध्या बाटलीतही आहे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. स्टार्चसुद्धा बहुतेक असतो. सगळी "खळ" एकट्या फॅट-फ्रीच्या माथी मारू नका.

पाकसिद्धी (शिकागोजवळ)

मी अकरा वर्षं सॉस आणि ड्रेसिंगच्या कारखान्यात काम केलं, आता सोडलंय. त्यामुळे आईंच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तो ह्या धाग्यातला सगळ्यात नेमका प्रश्न आहे: तेल नाही तर दाट कशाने?

साध्या ड्रेसिंगमध्ये तेलाचे बारीक थेंब पाण्यात दाटीवाटीने बसलेले असतात. अंड्याचा बलक त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. ही थेंबांची गर्दी म्हणजेच दाटपणा, जिभेवरचा गुळगुळीतपणा, आणि पांढरा रंगसुद्धा, कारण प्रकाश त्या थेंबांवरून विखुरतो. तेल काढलं की ह्या तिन्ही गोष्टी एकदम जातात. उरतं करडं, पारदर्शक, आंबट पाणी. म्हणून प्रत्येकीसाठी वेगळा पदार्थ आणावा लागतो: दाटपणाला गम, तोंडात भरल्यासारखं वाटायला स्टार्च आणि माल्टोडेक्स्ट्रिन, रंगाला टायटॅनियम डायऑक्साइड. शिवाय तेल आंबटपणाची धार बोथट करतं. ते नसलं की व्हिनेगर घशाला लागतं, मग साखर वाढवावी लागते. साखर आली ती चोरून नाही, व्हिनेगरच्या मागोमाग आली.

झँथन गमबद्दल "केमिकल" म्हणून जी भीती असते ती मला पटत नाही. कोबीवर काळी कूज आणणारा एक जिवाणू आहे, झँथोमोनास कँपेस्ट्रिस. तो साखरेवर आंबवला की हा चिकट पदार्थ तयार करतो. इलिनॉयमधल्या पिओरियाच्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला, आणि १९६९ मध्ये अन्नात वापरायला परवानगी मिळाली. त्याचा गुण असा की बाटली हलवली की पातळ होतो आणि पानावर पडून थांबला की पुन्हा दाट. साध्या बाटलीत तो तेल-पाणी वेगळं होऊ नये एवढ्यापुरता असतो, फॅट-फ्रीमध्ये सगळा भार त्याच्यावर आणि स्टार्चवर. तेव्हा घाटमाथा, "दोन्हीकडे आहे" हे खरं, पण काम वेगळं.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या बाजूने मात्र मी बोलणार नाही. युरोपीय संघाने २०२२ मध्ये तो अन्नात बंद केला. अमेरिकेत वजनाच्या १ टक्क्यापर्यंत अजून चालतो. त्याला चव नाही, पोषण नाही, टिकवण्याचा गुण नाही. नुसत्या रंगासाठी तो का खावा? सगळ्या कंपन्या घालत नाहीत, तेव्हा फॅट-फ्री घ्यायचंच असेल तर तो नसलेली बाटली शोधा.

रानमोगरा (सॅन होजे)

मी खमंग_काकडीच्या बाजूने. माझ्या बाबांना मधुमेह आहे. बाबा दोन वर्षं फॅट-फ्री फ्रेंच ड्रेसिंग खात होते, लाल-केशरी असतं ते, आणि जेवणात फक्त सॅलड घेऊनही नंतरची साखर का चढते म्हणून आम्ही डोकं धरून बसायचो. दोन चमच्यांत साधारण ७-८ ग्रॅम साखर. ते चार-पाच चमचे घालायचे, "फॅट-फ्री आहे" म्हणून हात सैल. अमेरिकन हार्ट असोसिएशन पुरुषांना वरून घातलेल्या साखरेची कमाल मर्यादा दिवसाला ३६ ग्रॅम सांगते. त्यातली निम्मी एका सॅलडवर.

आणि माल्टोडेक्स्ट्रिन लेबलाच्या साखरेच्या ओळीत फारसं धरलं जात नाही, ते एकूण कर्बोदकांत जातं. रक्तात मात्र ग्लुकोज होऊन भराभर उतरतं. म्हणून नुसती "ॲडेड शुगर" ची ओळ वाचून समाधान मानू नका, वरची कर्बोदकांची ओळ वाचा. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

घाटमाथा

रानमोगरा, बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण फ्रेंच ड्रेसिंग साधं घेतलं तरी गोडच असतं. तिथे फॅट-फ्रीपेक्षा त्या प्रकाराचा दोष जास्त.

खमंग_काकडी, तुमच्या आयोवाच्या प्रयोगाबद्दल. त्यात माणसं होती सात. आणि २८ ग्रॅम तेल म्हणजे दोन टेबलस्पून निव्वळ तेल, २५० कॅलरी. एवढं तेल घातल्यावर कॅरोटीन उतरेल नाहीतर काय होईल? शिवाय आपण सॅलड एकटं खातो का? शेजारी पोळी, भाजी, आमटी असते, त्यात फोडणी असते. ते तेल पोटात जाऊन कॅरोटीनच्या उपयोगी पडत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?

खमंग_काकडी

नाही, तसं म्हणायचं नाही. सात माणसांचा प्रयोग लहान आहे, हे मान्य. जेवणातलं दुसरं तेल कामी येतं हेही मान्य. पण आईचं दुपारचं जेवण म्हणजे एक वाडगा सॅलड आणि एक फळ. तिथे दुसरं तेल नाहीच. इथे ऑफिसात डब्याला फक्त सॅलड नेणारे किती तरी जण आहेत, त्यांचंही तेच.

आणि २८ ग्रॅम लागतात असा माझा आग्रह नाही. पर्ड्यू विद्यापीठाने २०१२ मध्ये २९ जणांवर हेच पाहिलं. कनोलासारखं तेल असेल तर ३ ग्रॅममध्ये जेवढं कॅरोटीन रक्तात उतरलं, साधारण तेवढंच २० ग्रॅममध्येही. ३ ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्यालाही थोडं कमीच! माझं भांडण इथे आहे. शून्य आणि चौदाच्या मध्ये एवढी जागा असताना आपल्याला फक्त दोन टोकाच्या बाटल्या दाखवतात आणि आपण त्यातल्या त्यात निवडतो.

पित्ताशयाचा त्रास असेल तर फॅट-फ्रीच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. "काही कामाची नाही" हे मी फक्त आईबद्दल लिहिलं होतं, पण शेवटचं वाक्य सगळ्यांना लागू होईल असं लिहिलं गेलं. ते मागे घेते.

मुळशीकर (पुणे)

एक नियमाची गोष्ट, कारण आता आपल्याकडेही ह्या बाटल्या सुपरमार्केटच्या फळीवर दिसतात. भारतात "फॅट-फ्री" लिहायचं तर १०० ग्रॅममध्ये जास्तीत जास्त ०.५ ग्रॅम फॅट चालतं. अमेरिकेत एका वाढपात (लेबलावरच्या एका सर्व्हिंगमध्ये) ०.५ ग्रॅमपेक्षा कमी असलं की पुरे. ड्रेसिंगचं वाढप ३० ग्रॅमचं धरलं तर १०० ग्रॅमला दीड ग्रॅमच्या वर फॅट असूनही तिथे "फ्री" लिहिता येतं. बाहेरून आलेल्या बाटल्यांची तुलना करताना हे ध्यानात ठेवा.

दुसरं, मला हा सगळा वाद जरा लांबचा वाटतो. आपली काकडीची कोशिंबीर घ्या. शेंगदाण्यात निम्मं तेलच असतं. चमचाभर कूट म्हणजे ८ ग्रॅम, त्यात ४ ग्रॅम तेल. खमंग_काकडी ज्या ३ ग्रॅमसाठी भांडतेय ते कुटात आहे. वर फोडणी द्या नाहीतर नका देऊ. लिंबू, मीठ, किंचित साखर. लेट्यूसलाच हे का लावू नये?

पाकसिद्धी

मुळशीकर, नियमाचं बरोबर. अमेरिकन बाटलीवर अंड्याचा बलक किंवा तेलाच्या नावापुढे फुली दिसते, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ह्याने पडणारी चरबी नगण्य आहे. म्हणजे फॅट-फ्री बाटलीत तेल असू शकतं, आणि ते लिहिलेलंही असतं.

लेट्यूसला कूट मी लावून पाहिलंय. पानाला चिकटत नाही, तळाशी बसतं. कूट आधी दोन चमचे दह्यात घोटून घ्या, मग पान माखतं.

घाटमाथा

पाकसिद्धी, मग मला सांगा, बायकोसाठी घरी काय करू? तेल नाही, कूट नाही, बलक नाही. आणि माल्टोडेक्स्ट्रिनही नको, कारण रानमोगराचं वाचून आता तेही डोक्यात बसलंय.

पाकसिद्धी

साय पूर्ण काढलेल्या दुधाचं दही फडक्यात बांधून तासभर टांगा. पूर्ण चक्का नको, श्रीखंडाच्या निम्म्याइतकं घट्ट. तुमच्याकडे दुकानात बिनचरबीचं ग्रीक योगर्ट मिळतं तेही चालेल, फक्त साखर नसलेलं घ्या. त्यात लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, वाटलेला पुदिना, मीठ आणि अर्धा चमचा तयार मोहरी. लेबल वाचा, तिच्यात चरबी अगदी थोडी असते. दाटपणा दह्यातल्या प्रथिनांनी येतो, म्हणून गम लागत नाही, आणि रंग मुळातच पांढरा. चार दिवसांत संपवा. बाटली महिनोन् महिने टिकते, हे टिकणार नाही.

घाटमाथा

आज रात्री करतो. बाटली मात्र ऑपरेशन होईपर्यंत फ्रिजमध्ये राहील. रोज दही टांगायला जमेलच असं नाही, आणि ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी तिने साधं ड्रेसिंग घ्यावं असं मला वाटत नाही. टायटॅनियम डायऑक्साइड आहे का ते आत्ता उठून बघितलं. आहे. उद्या दुसरी आणतो.